दोरी ओढायची नसते

थंडी पडू लागली की आपल्या भागात दोन हंगाम बरोबरीने सुरू होतात. एक हुरड्याचा आणि दुसरा मॅरेथॉनचा. हुरडा पिढ्यान् पिढ्यांचा, मॅरेथॉन मात्र नवी पाहुणी. पुण्यात १९८३ पासून आणि मुंबईत २००४ पासून मोठी मॅरेथॉन होते. तिचे लोण गेल्या दहा-पंधरा वर्षांत जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांपर्यंत येऊन पोहोचले. चौकात फलक लागतात. फलकावर धावणाऱ्यांपेक्षा धावायला सांगणाऱ्यांचेच फोटो मोठे असतात. टी-शर्ट वाटले जातात, पहाटे ध्वनिक्षेपकावर गाणी लागतात आणि डॉक्टर, वकील, शिक्षक, व्यापारी, साठी उलटलेली जोडपी अशी सगळी मंडळी रस्त्यावर उतरतात. खऱ्या मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. आपल्याकडे तीन किलोमीटरच्या धावेलाही मॅरेथॉनच म्हणतात. त्याला हरकत नसावी. माणसे सकाळी उठून धावतात, हे चांगलेच झाले.

या गर्दीत अंध माणूस मात्र सहसा आढळत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दृष्टीचे अपंगत्व असलेल्यांची संख्या सुमारे ५ लाख ७४ हजार नोंदली गेली. देशात ती ५० लाखांवर होती. नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत त्याचे १४ तालुके पसरलेले. या एवढ्या मुलखातली अंध माणसे असतात कुठे? ती घरात असतात, ओट्यावर असतात, देवळाच्या ओसरीवर भजनात पेटी वाजवत असतात. काही शिकतात, काही नोकरीलाही लागतात. पण रस्त्यावर मोकळेपणाने चालताना ती कमी दिसतात आणि धावताना तर जवळजवळ नाहीतच.

अंध माणूस मॅरेथॉन धावतो म्हटल्यावर कुणाच्याही तोंडून पहिला शब्द निघतो, ‘कसा?’ प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तरही साधे आहे. पण त्या उत्तरात आपण सगळ्यांनी, धावणाऱ्यांनी आणि न धावणाऱ्यांनीही, विचार करावा असे पुष्कळ काही आहे.

दोरीचे दोन टोक

अंध धावपटूच्या शेजारी एक डोळस धावपटू धावतो. त्याला ‘गाइड रनर’ म्हणतात. आपण सोबती म्हणू. दोघांच्या हातांत एका छोट्या, न ताणणाऱ्या दोरीची दोन टोके असतात. दोघांचे हात एका लयीत हलतात, पावले एका लयीत पडतात. सोबती बोलत असतो. ‘वीस पावलांवर डावीकडे वळण’, ‘गतिरोधक येतोय’, ‘आता चढ’, ‘पाण्याचे टेबल उजव्या हाताला’. पाच-दहा किलोमीटरनंतर दम लागतो, बोलणे कमी होते आणि मग दोरीच बोलू लागते. मनगटाच्या हलक्याशा हालचालीवरून वळण कळते.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दृष्टिदोषाच्या धावपटूंचे तीन गट असतात. टी-११ मध्ये जवळजवळ पूर्ण अंध. त्यांना सोबती सक्तीचा, आणि सगळ्यांना सारखा न्याय मिळावा म्हणून डोळ्यांवर काळी पट्टीही सक्तीची. टी-१२ मध्ये थोडी दृष्टी असलेले. त्यांनी सोबती घ्यायचा की नाही हे स्वतः ठरवायचे. टी-१३ मध्ये त्याहून बरी दृष्टी असलेले. ते एकटे धावतात. लांबच्या शर्यतीत एकाहून अधिक सोबत्यांची मुभा असते, कारण ४२ किलोमीटर विजेत्याच्या बरोबरीने धावून पुन्हा रस्ताही सांगत राहायचा, हे एका माणसाचे काम नव्हे. जिंकल्यावर आता सोबत्याच्या गळ्यातही पदक पडते.

पण खरे महत्त्वाचे नियम दोन. पहिला, सोबत्याने धावपटूला ओढायचे नाही, ढकलायचेही नाही. दुसरा, अंतिम रेषा धावपटूने आधी ओलांडायची, सोबत्याने त्याच्या मागून. वेग धावपटूचा, निर्णय धावपटूचा. सोबत्याने फक्त डोळे उसने द्यायचे.

आपण सर्वांनी लहानपणी आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट ऐकली आहे. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो आणि दोघे मिळून रान पार करतात. गोष्ट चांगली आहे. पण नीट पाहिले तर तिच्यात आंधळ्याच्या वाट्याला फक्त पाय आले आहेत. डावीकडे की उजवीकडे, थांबायचे की चालायचे, हे खांद्यावरचा ठरवतो. दोरीच्या शर्यतीने ही मांडणी बदलली. इथे खांद्यावर कुणीच नाही. दोघेही जमिनीवर, शेजारी शेजारी.

या नात्याची परीक्षा पाहणाऱ्या दोन शर्यती जगभर गाजल्या. पहिली २००० सालची, सिडनीच्या पॅरालिम्पिकमधली. केनियाच्या हेन्री वानयोइके याची दृष्टी १९९५ मध्ये पक्षाघाताच्या झटक्यात गेली होती. पाच हजार मीटरच्या शर्यतीत तो आघाडीवर होता आणि त्याच्या सोबत्याचे पाय अखेरच्या टप्प्यात लटपटू लागले. सोबती आजारातून उठून आलेला होता. तेव्हा अंध वानयोइकेनेच त्याला हाका मारीत, सावरीत रेषेपार नेले आणि सुवर्णपदक मिळवले.

दुसरी शर्यत ८ सप्टेंबर २०२४ ची, पॅरिसची. टी-१२ गटातल्या महिलांच्या मॅरेथॉनमध्ये स्पेनची एलेना काँगोस्त तिसऱ्या क्रमांकावर होती. रिओमध्ये २०१६ साली हीच शर्यत तिने जिंकली होती. या वेळी चौथ्या क्रमांकाची धावपटू तीन मिनिटांहून अधिक मागे होती. रेषा अवघी काही मीटरवर असताना काँगोस्तच्या सोबत्याच्या पायांत गोळे आले आणि तो कोसळू लागला. तिने दोरी सोडून त्याला हात दिला, क्षणभरच. मग पुन्हा दोरी धरून दोघांनी रेषा ओलांडली. रेषेआधी दोरी सुटता कामा नये, या नियमावर बोट ठेवून पंचांनी तिला अपात्र ठरवले आणि त्या दिवशी कांस्यपदक जपानच्या मिसातो मिचिशिताकडे गेले. या निर्णयावर जगभर वाद झाला. नियमाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. दोरीच्या नियमात सवलत द्यायची झाली, तर ती कुठे थांबवायची? पण पदकाचा हिशोब बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. दोन्ही शर्यतींत कोसळला तो डोळस आणि सावरले ते अंधाने. मदत एकाच बाजूने वाहत असते, ही आपली समजूत या दोघांनी रस्त्यावर, हजारो लोकांच्या देखत खोटी ठरवली.

आपल्याकडचे धावणारे

हे सारे परदेशातले, असे म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. मुंबईचे अमरजितसिंग चावला यांची दृष्टी तरुणपणीच क्षीण होत गेली. वयाची चाळिशी उलटल्यावर त्यांनी धावायला सुरुवात केली आणि शंभरावर अर्धमॅरेथॉन पूर्ण केल्या, कुणाचा ना कुणाचा हात धरून. पुण्याच्या दिव्यांशू गणात्रा यांची दृष्टी एकोणिसाव्या वर्षी काचबिंदूने गेली. २०१४ मध्ये ते एकट्याने पॅराग्लायडिंग करणारे देशातले पहिले अंध वैमानिक ठरले. त्यांनी स्थापन केलेली ‘अ‍ॅडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशन’ ही संस्था अपंग आणि धडधाकट माणसांना एकत्र डोंगर चढायला, दोघांच्या सायकलवर बसायला, एकत्र धावायला लावते. अपंगांसाठी वेगळा मेळावा भरवण्यापेक्षा दोघांनी मिळून एक काम करावे, हे तिचे सूत्र.

शेजारच्या कर्नाटकातील चिकमंगळूर जिल्ह्याच्या एका खेड्यातली रक्षिता राजू जन्मापासून अंध. आईवडील लहानपणी गेले, आजीने वाढवले. तिने २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत आणि २०२३ मध्ये हांगचौला १५०० मीटरचे सुवर्णपदक घेतले आणि २०२४ मध्ये ती पॅरिसला धावली. तिचा सोबती राहुल बालकृष्ण हा स्वतः १५०० मीटरचा धावपटू होता. पॅरिसमध्येच सिमरन शर्माने टी-१२ गटात २०० मीटरचे कांस्य मिळवले. अभय सिंग तिच्याबरोबर धावत होता.

या प्रत्येक नावापाशी दुसरे एक नाव किंवा दुसरा एक हात आहे. अंध धावपटूला बूट लागतात, आहार लागतो, प्रशिक्षक लागतो, तसे इतर धावपटूंनाही लागतेच. पण त्याला आणखी एक गोष्ट लागते, आणि ती पैशाने विकत मिळत नाही. रोज पहाटे पाच वाजता दारात उभा राहणारा दुसरा माणूस लागतो.

‘बस, आम्ही करतो’

अंधांच्या शिक्षणाच्या इतिहासाशी नगरचे एक जुने नाते आहे. अमेरिकन मराठी मिशनचे नगर हे १८३१ पासूनचे मोठे ठाणे. याच मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० साली, मोठ्या दुष्काळाच्या काळात, मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा. मग १९०२ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा, १९३४ मध्ये पुण्याची अंधशाळा, १९५२ मध्ये राष्ट्रीय अंध संघ, अशी संस्थांची ओळ उभी राहिली. या संस्थांचे ऋण मोठे आहे. नगरमध्येही ‘अनामप्रेम’सारखी संस्था अंध आणि अपंग मुलामुलींसाठी काम करते आहे.

तरीही एक गोष्ट डोळ्यांत भरते. समाजाने अंधांसाठी जी कामे शोधली ती बहुतेक बसून करायची. वेताच्या खुर्च्या विणणे, खडू आणि मेणबत्त्या करणे, पेटी-तबला, आणि पुढे टेलिफोनचा स्विचबोर्ड. माझ्या नोकरीच्या काळात बँकांच्या मोठ्या कार्यालयांत अंध ऑपरेटर असत. शाखांचे नंबर त्यांना तोंडपाठ आणि नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस ओळखण्यात त्यांचा हातखंडा. कामात ही माणसे कुठेच कमी नव्हती. पण खुर्चीतून उठली, की कुणीतरी धावत जाऊन दंड धरायचा आणि म्हणायचा, ‘तुम्ही बसा, आम्ही करतो.’ यात प्रेम होते, यात शंका नाही. पण जन्मभर ‘बसा’ ऐकलेल्या शरीराचे काय होते, याचा विचार कुणी केला नाही. घरातही तेच. डोळस मूल पडले तर आई म्हणते, ‘ऊठ, काही झाले नाही’. अंध मूल पडले तर म्हणते, ‘आता जागचा हलू नकोस.’

बँकेत या मायेचे दुसरे रूप पाहायला मिळे. अंध खातेदाराला चेकबुक द्यायचे नाही, असा रिवाज अनेक ठिकाणी होता. पैसे काढायचे तर स्वतः या, साक्षीदार आणा. कारण काय, तर त्यांची फसवणूक होऊ नये. म्हणजे फसवणारा मोकळा, आणि ज्याला फसवतील त्याच्यावर बंदी! शेवटी जून २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना स्पष्ट कळवले की चेकबुक, एटीएम, लॉकर, कर्ज या सगळ्या सोयी अंध ग्राहकांना भेदभाव न करता द्याव्यात. त्यानंतर काही आभाळ कोसळले नाही. जोखीम सर्वांनाच असते. ती पत्करण्याचा हक्कही सर्वांना असतो.

मॅरेथॉनच्या अर्जाच्या बाबतीत आपण अजून २००८ च्या अलीकडेच आहोत. वयोगट, रक्तगट, टी-शर्टचे माप, सगळे विचारले जाते. ‘सोबत कोण धावणार?’ हा रकाना माझ्या पाहण्यातल्या स्थानिक अर्जांत नाही. एखाद्याने विचारलेच, तर उत्तर मिळते, ‘रस्ता खराब आहे, काही झाले तर जबाबदारी कोणाची?’ खरे तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खेळातला सहभाग हा हक्काचा विषय मानला आहे. त्याचे तिसावे कलम क्रीडेविषयीच आहे. पण कायदा पुस्तकात आणि अर्ज टेबलावर, अशी आपली नेहमीची गत.

हरकती आणि त्यांचे उत्तर

आता समंजस वाचकाच्या मनात येणारी हरकत. अंधांपुढे नोकरीचा प्रश्न आहे, ब्रेल पुस्तकांचा आहे, मुलींच्या सुरक्षिततेचा आहे. पोटाला नाही त्याला मॅरेथॉनचे काय कौतुक? हरकत रास्त आहे. मॅरेथॉनने नोकरी लागत नाही. पण नोकरीला जायला घराबाहेर पडावे लागते, अनोळखी रस्त्यावर पाऊल टाकावे लागते, अनोळखी माणसावर विश्वास ठेवावा लागतो. जो आठवड्यातून तीन दिवस दोरी धरून पाच किलोमीटर धावतो, त्याला एस.टी. स्टँडवर उतरण्याची भीती कमी वाटेल. शिवाय त्याला एक मित्र मिळतो, संस्थेबाहेरचा, नात्याबाहेरचा. अंध माणसाच्या आयुष्यात सगळ्यांत दुर्मीळ गोष्ट कोणती असेल, तर उपकार करायला न आलेला डोळस मित्र.

रस्त्याच्या खराबीची हरकत तर मजेशीरच. खड्डा डोळसाचाही पाय मुरगाळतोच. दुरुस्ती खड्ड्याची करायची की धावणाऱ्याची? आपल्याच जिल्ह्यातून दर आषाढीआधी निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला जाते. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चालणाऱ्या वारकऱ्याकडे कुणी वैद्यकीय दाखला मागत नाही. राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई आपल्याच अकोले तालुक्यात आहे, १६४६ मीटर. त्याच्या लोखंडी शिड्या चढून गेलेल्या दृष्टिहीन मुलांच्या बातम्या आपण वाचतोच. ज्याला शिडी चढता येते, त्याला सपाट रस्ता अवघड नाही.

एक धोका मात्र खरा आहे आणि तो आपल्या अंगवळणी पडलेला आहे. एका अंध मुलाला बोलवायचे, शाल-श्रीफळ द्यायचे, पाहुण्यांबरोबर शंभर मीटर चालवायचे, फोटो काढायचा आणि वर्षभर विसरून जायचे. याला सहभाग म्हणत नाहीत. ‘किती प्रेरणादायी!’ असे म्हणून आपण टाळ्या वाजवतो तेव्हा त्याची वेळ किती लागली, हे विचारायचे राहून जाते. धावपटूचा खरा मान त्याची वेळ विचारण्यात असतो.

सोबती आहेत, जोडणी नाही

मग करायचे काय? माझ्या मते या कामाला नगरइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. नगर हे लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र असलेले गाव. जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर पहाटे जा. भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, लष्कराला १.६ किलोमीटर. त्यासाठी ही पोरे वर्ष-वर्ष, दोन-दोन वर्षे नेमाने उठतात. बहुतेकांच्या पदरी शेवटी निराशा येते, कारण जागा थोड्या आणि धावणारे फार. एवढी शिस्तीने कमावलेली धाव जिल्ह्यात रोज पहाटे रस्त्यावर असते, आणि त्याच गावात एखादा अंध मुलगा घरात बसून पावलांचा आवाज ऐकत असतो. या दोघांची गाठ घालून द्यायला किती खर्च येईल? एका दोरीचा.

अडचणी येतील. सोबत्याचा दम धावपटूपेक्षा थोडा जास्तच हवा, नाहीतर बोलायला श्वास उरत नाही. उंची आणि टाच-टप्पा जुळायला हवा. मुलींबरोबर शक्यतो मुली हव्यात. आणि भरतीची मुले एका जागी टिकत नाहीत. एखादा निवडला गेला की चालला नागपूरला नाहीतर नाशिकला. म्हणून एका धावपटूमागे एकच सोबती धरून चालणार नाही, चार-पाच जणांचा गट हवा. जपानमध्ये सोबत धावण्याला ‘बान्सो’ असा स्वतंत्र शब्द आहे. तोक्योच्या योयोगी बागेत अंध धावपटू आणि त्यांचे सोबती नेमाने जमतात. ज्याला जो मोकळा असेल तो जोडीदार मिळतो. इंग्लंडमध्ये इच्छुक सोबत्यांना काही तासांचे प्रशिक्षण देतात आणि त्यांची यादी ठेवतात. अंध धावपटूने आपल्या जवळचा सोबती त्या यादीतून शोधायचा. यात कुठलेही मोठे यंत्र नाही, अनुदान नाही. एक वही आणि ती सांभाळणारा एक जबाबदार माणूस पुरतो. वाडिया पार्कच्या मैदानावर आठवड्यातून दोन दिवस हे सहज सुरू करता येईल. सुरुवात तीन किलोमीटरने करावी. बेचाळीसचे नंतर पाहू.

आयोजकांनी करायच्या गोष्टी तर बोटांवर मोजण्याइतक्या. सोबत्याला प्रवेश फी नको. दोरीच्या जोड्यांना गर्दीच्या पाच मिनिटे आधी सोडावे. आदल्या दिवशी मार्ग दोघांना चालून पाहू द्यावा. पाण्याच्या टेबलावरच्या मुलांना सांगावे, पेला हातात द्या आणि तोंडाने सांगा. आणि शेवटी, दोरीच्या जोड्यांच्या वेळा नोंदवून, इतरांच्या निकालाबरोबर छापाव्यात. २०२५ च्या शरद ऋतूत दिल्लीला जागतिक पॅरा अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाली, जगभरचे अंध धावपटू आपल्या देशात येऊन धावून गेले. त्यांच्यापैकी प्रत्येकाची सुरुवात कुठल्यातरी गावातल्या पहिल्या किलोमीटरने झाली असणार.

घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि शिक्षकांनाही एक विनंती. अंध मूल धावायला निघाले, की ‘पडशील’ हा शब्द जिभेवर येईल, तो गिळावा. मूल पडेल, गुडघा फुटेल, हळद लावावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवावे.

तेव्हा येत्या हंगामात जिल्ह्यातल्या एखाद्या तरी आयोजकाने आपल्या अर्जात दोन ओळी वाढवाव्यात. ‘तुमच्यासोबत कोण धावणार?’ ही एक, आणि ‘तुम्ही कुणाचा सोबती व्हाल का?’ ही दुसरी. दुसऱ्या ओळीपुढे पहिल्या वर्षी दहा जणांनी ‘हो’ लिहिले, तरी त्या दहा दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला धरणारे हात आपल्या जिल्ह्यात नक्की सापडतील.